खोटं भूत, खरी भीती

१९४२ च्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर आणि आसपासच्या गावांत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीच्या ठेक्यावर घुमत होती. त्यांतल्या एका हिंदी भजनातली कल्पना चिमुरात आजही सांगितली जाते: इंग्रजांविरुद्ध साधी झाडं शस्त्रं होतील आणि दगडगोटे बॉम्ब होतील. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, गाव खरोखर उठलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. तीन दिवस गाव इंग्रजांच्या ताब्याबाहेर राहिलं. मग लष्कर आलं आणि त्याने बायकांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. तुकडोजी महाराजांना त्याच ऑगस्टच्या अखेरीस अटक झाली आणि नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. ज्या भजनांची सरकारला इतकी धास्ती वाटली, त्यांत दारूगोळा नव्हता. होती ती अद्भुत कल्पना.

दगडाचा बॉम्ब होत नाही, हे चिमूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. बांधावरचे दगड तो रोज उचलत होता. तरीही भजन ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला आणि त्या काट्यातून काहीतरी घडलं. मग त्या क्षणी त्याने दगडांबद्दलच्या त्या वचनावर विश्वास ठेवला की नाही ठेवला? ठेवला म्हणावं तर तो भोळा ठरतो, आणि नाही म्हणावं तर त्याचं उठणं समजत नाही.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी एक अद्भुत गोष्ट लोकांच्या मनात शिरली. गावातली काही दलित माणसं भानामती करतात, ही ती गोष्ट. म्हाताऱ्या बायका-पुरुषांना भर चौकात खांबांना बांधून मारलं गेलं. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष जाळून मारले गेले. इथेही जे नाही त्याची कल्पनाच होती: मंतरलेली वस्तू, दुरून लागणारी नजर, रात्री फिरणारी शक्ती. भयकथेच्या कुठल्याही पुस्तकात हा सगळा ऐवज सापडतो.

कल्पित भयाचं आणि अद्भुताचं साहित्य वाचावं का, ते शिकवावं का, असा प्रश्न निघाला की मराठी घरात दोन बाजूंनी नकार येतो. भाविक म्हणतात, भुताखेतांची पुस्तकं घरात नकोत, मन मलिन होतं. विवेकवादी म्हणतात, भूत-मंत्र-करणी यांच्या गोष्टींनी आधीच बुरसटलेल्या समाजाला आणखी खतपाणी मिळतं. दोघांचं देवाबद्दल एकमत होणार नाही, पण या पुस्तकांबद्दल मात्र होतं. चंद्रपूर-गडचिरोलीत तर दुसरा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिथे जादूटोण्याच्या संशयावरून माणसं जाळली जातात, तिथल्या वाचनालयात नारायण धारपांचं पुस्तक ठेवायचं का, या प्रश्नाला खरं उत्तर द्यावंच लागतं.

धारपांपासूनच सुरुवात केलेली बरी. १९२५ मध्ये जन्मलेल्या आणि २००८ मध्ये गेलेल्या या लेखकाने मराठीत भयकथेचा स्वतंत्र वाचकवर्ग घडवला. गावोगावच्या वाचनालयांतून त्यांच्या कादंबऱ्या फिरल्या, पानं सुटेपर्यंत वाचल्या गेल्या. समीक्षकांनी मात्र बराच काळ त्यांच्याकडे पाहिलं नाही. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे हे सांगून विषय संपवायचा, अशी पद्धत पडली. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला, त्यातल्या म्हातारीमागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे असं लोकांनी वाचलं, तेव्हा कुठे पुन्हा त्यांचं नाव निघू लागलं.

‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथांचं विश्व नीट पाहिलं तर विवेकवाद्यांचा आक्षेप अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागतं. तिथे दुष्ट शक्ती खऱ्या असतात आणि समर्थांची साधनाही खरी असते. संकटात सापडलेल्या माणसाला कोणीतरी अधिकारी पुरुष सोडवतो. हा साचा खेड्यातल्या मांत्रिकाच्या साच्याशी जुळतो, यात शंका नाही. पण आणखी एक गोष्ट तितक्याच सातत्याने दिसते. धारपांच्या कथेतलं अमंगळ बहुधा बाहेरून येतं: दुसऱ्या मितीतून, जुन्या वास्तूतून, माणसाच्या मापात न बसणाऱ्या जागेतून. शेजारच्या घरातली विधवा म्हातारी हीच सगळ्याचं मूळ आहे, तिला धरा, असं त्यांची कथा वाचकाला सांगत नाही. वणी खुर्दच्या गोष्टीला मात्र शेजारीणच हवी असते. तिच्यातलं भय कुणाच्या तरी देहावर उतरवल्याशिवाय पुरं होत नाही.

आणि दुसरा फरक याहून महत्त्वाचा. धारपांच्या पुस्तकावर धारपांचं नाव छापलेलं असतं. ही गोष्ट कोणी रचली, हे वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतं. आवडली नाही तर लेखकाला दोष देता येतो. भानामतीच्या गोष्टीला कर्ता नसतो. ‘लोक म्हणतात’, ‘अंगात आलेल्या बाईने सांगितलं’, ‘पुजाऱ्याने नाव घेतलं’ एवढाच तिचा उगम. म्हणून तिची उलटतपासणी करता येत नाही आणि तिच्यातून बाहेरही पडता येत नाही.

या बाहेर पडण्याच्या वाटेचा सर्वांत खोल विचार काश्मीरमध्ये, दहाव्या-अकराव्या शतकात, अभिनवगुप्ताने केला. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांमध्ये भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तिन्ही आहेत. म्हणजे आज ज्याला भयकथा आणि कल्पनारम्य साहित्य म्हणतात, त्याला भारतीय काव्यविचारात शृंगार आणि वीर यांच्याच पंगतीत जागा आहे. कनिष्ठ म्हणून वेगळी ओळ नाही. भयाचा रस कसा होतो हे समजावताना अभिनवगुप्ताने कालिदासाच्या ‘शाकुंतला’तलं हरीण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि ते मान वळवून पाहत पळतं आहे. प्रेक्षकाला भीती जाणवते, पण ती भीती त्या हरणाची राहत नाही, राजाची नाही, प्रेक्षकाची स्वतःचीही नाही. ती कुठल्याही एका जागेला, एका वेळेला, एका माणसाला चिकटलेली नसते. ‘हा माझा शत्रू’, ‘हा माझा मित्र’ हा हिशेब सुटतो, म्हणून भय असूनही माणूस आसन सोडून पळत नाही.

चिमूरच्या अगदी उशाशी ताडोब्याचं जंगल आहे. कोलारा हे प्रवेशद्वार याच तालुक्यात येतं. इथे भयाचे दोन प्रकार शेजारी राहतात. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पहाटे मोहफुलं वेचायला निघणाऱ्या बाईच्या मनात जी भीती असते, तिच्यात रस नाही. ती तिची एकटीची आहे, त्या पहाटेची आहे, त्या पायवाटेची आहे. अभिनवगुप्ताची कसोटी लावायची तर ती सगळीच्या सगळी लौकिक भीती आहे.

त्याच मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि तिथली नाटकं रात्र रात्र चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि मग पूर्ण लांबीचं नाटक असा या रंगभूमीचा प्रवास झाला. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे कलावंत. सुमारे ८०० भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. जंगलाच्या कडेला, थंडीत, हजारो माणसं पहाटेपर्यंत बसून खलनायकाच्या एंट्रीला दचकतात, मरणाच्या प्रसंगाला रडतात. ज्या माणसाने गेल्या वर्षी देवमाणूस रंगवला, तोच यंदा राक्षस रंगवतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. तरीही त्यांचं रडणं खोटं नसतं. खऱ्या भीतीने वेढलेल्या लोकांना रचलेल्या भीतीची गरज उरत नसेल, असं शहरातल्या माणसाला वाटतं. झाडीपट्टी गेली शंभरावर वर्षं उलट सांगत आली आहे. भीतीला वेळ, जागा आणि पडदा नेमून देणं हीच तिथली गरज आहे.

अभिनवगुप्ताने रसाच्या वाटेतले अडथळेही मोजले आहेत. त्यातला पहिलाच अडथळा या विषयाच्या गाभ्याला हात घालतो: समोर दाखवलेली गोष्ट प्रेक्षकाला शक्यच वाटली नाही, तर रस जुळत नाही. म्हणून समुद्र ओलांडण्यासारखं अद्भुत दाखवायचं तर नायक रामासारखा प्रसिद्ध हवा, कारण त्याच्याबद्दलचा विश्वास मनात आधीपासून मुरलेला असतो. हजार वर्षांपूर्वी त्याने ओळखलं होतं की कल्पनारम्य साहित्य श्रद्धेच्या भांडवलावर चालतं. इंग्रजी लेखक टॉल्किनला हाच प्रश्न विसाव्या शतकात पडला. तो श्रद्धाळू कॅथलिक होता आणि कथेसाठी रचलेल्या जगात वाचकाचा दुय्यम विश्वास बसतो, असं त्याने मांडलं. याच्या अगदी विरुद्ध टोकाला अमेरिकेतला लव्हक्राफ्ट. देव, आत्मा, परलोक यांपैकी काहीही न मानणारा हा कट्टर जडवादी माणूस, आणि विश्वातल्या भयंकर प्राचीन दैवतांच्या कथा त्यानेच लिहिल्या. ‘नेक्रोनोमिकॉन’ नावाचा एक शापित ग्रंथ त्याने निव्वळ कथेपुरता कल्पिला, तर लोक तो ग्रंथ खरोखर ग्रंथालयांत शोधू लागले. म्हणजे लेखकाचं नाव कव्हरवर असूनही काही वाचक कथेच्या आतच राहून जातात. हे नाकारून चालणार नाही.

मग धर्माला या रचलेल्या खोट्याचं वावडं आहे का? भारतीय परंपरेतला सर्वांत धीट ग्रंथ या बाबतीत उलटी दिशा धरतो. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला एका दाईची गोष्ट सांगतात. दाई मुलाला सांगते: तीन राजपुत्र होते, त्यांतले दोन जन्मलेच नव्हते आणि तिसरा गर्भातही आला नव्हता. ते एका अस्तित्वात नसलेल्या नगरातून निघाले. वाटेत नद्या लागल्या, त्यांतल्या दोन कोरड्या आणि तिसरीत पाणीच नव्हतं. पुढे घरं लागली, त्यांतली दोन बांधलीच नव्हती आणि तिसऱ्याला भिंती नव्हत्या. मूल डोळे मोठे करून ऐकतं आणि सगळं खरं धरतं. वसिष्ठ म्हणतात, हे जग असंच आहे.

कल्पनारम्य कथेचा इतका निखळ नमुना जगात क्वचित सापडेल, आणि तो मोक्षशास्त्रात आहे. त्याच ग्रंथात लीला राणी एका जगाच्या आतल्या दुसऱ्या जगात जाते. तिथला काळ वेगळ्या गतीने चालतो. विज्ञानकथेच्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटावं. वेदान्ताने दोरीवर भासणारा साप हा दृष्टान्त शतकानुशतकं वापरला, त्यातही भयकथेचं मर्म आहे: साप खोटा असतो, पण छातीतली धडधड खरी असते. दिवा आणल्यावर साप जातो. धडधड झाली होती, हे मात्र खोटं ठरत नाही.

इथे एक धोका आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. सगळं जगच दाईची गोष्ट असेल, तर बारसेवाड्यातली आगही गोष्टच ठरते का? नाही. वेदान्तीही व्यवहारात आगीला आगच म्हणतो. दाईच्या गोष्टीने मुलाचं काही बिघडलं नाही, त्याला झोप लागली असेल. जादूटोण्याच्या गोष्टीने दोन जीव गेले. तत्त्वज्ञान कितीही उंच गेलं तरी या दोन गोष्टींमध्ये भेद न करणारं तत्त्वज्ञान कुचकामाचं आहे. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा भेद मोठ्या शहाणपणाने केला. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, चारच दिवसांनी अध्यादेश निघाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, असली कृत्यं त्याच्या अनुसूचीत आहेत. आणि त्याच कायद्यात कीर्तन, भजन, प्रवचन, वारी यांना सूट आहे. होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांची माहिती सांगायला आणि त्यावरचं साहित्य वाटायलाही सूट आहे. रेड्याने वेद म्हटले, भिंत चालली, गाथा तरली, या कथांना कायद्याने हात लावला नाही. देहाला इजा आणि खिशाला फसवणूक इथे त्याने रेघ मारली.

कायद्याचं काम तिथे संपतं. वाचकाचं संपत नाही, कारण इजा होण्याच्या कितीतरी आधी मनात एक सवय तयार झालेली असते. चमत्कारावर विश्वास ठेवणं ही ती सवय नव्हे. ऐकलेल्या गोष्टीत गुंतायचं, तिच्यातून उठायचं, आणि उठल्यावर तिच्याकडे दुरून बघायचं, ही सवय असलेला माणूस वेगळा, आणि जी गोष्ट ऐकली ती धरूनच बसणारा माणूस वेगळा. कल्पनारम्य आणि भयसाहित्याचं वाचन पहिल्या प्रकारचा सराव देतं. सराव देतं एवढंच. हमी देत नाही.

जयंत नारळीकरांच्या कामात हा सराव उघडपणे दिसतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारळीकरांनी ते नाव घेतलं होतं, कारण परीक्षकांनी कथा पाहावी, लौकिक पाहू नये. कथेला बक्षीस मिळालं. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला, कादंबऱ्या आल्या, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एका खगोलशास्त्रज्ञाकडे गेलं. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा मराठी विज्ञानकथेचा एक काळ संपला. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ वाटेतून हटवतात, आणि घरी मात्र शांतीसाठी होमहवन चाललेलं असतं. संकट टळल्याचं श्रेय कशाला द्यायचं, हा प्रश्न कथा वाचकाच्या हातात ठेवते.

याच नारळीकरांनी फलज्योतिषाची कसोटी घेतली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सोबतीने १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या तयार केल्या आणि ज्योतिषांना सांगितलं, कुंडलीवरून ओळखा. प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, आणि त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं तर सुमारे निम्मी बरोबर आली असती. परग्रहावरच्या यक्षांची गोष्ट रचणारा माणूस ग्रहांच्या गोष्टीची परीक्षा घेतो, यात काहीच विसंगती नाही. यक्ष आपणच रचले आहेत, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे दुसऱ्याने रचलेले ग्रह ओळखायला त्याला वेळ लागत नाही.

तरीही विज्ञानकथा तेवढी शुद्ध आणि बाकी सगळं अंधश्रद्धेचं खत, ही विभागणी पटण्यासारखी नाही. विज्ञानकथा जे विचारू शकत नाही ते जी. ए. कुलकर्णींच्या कथा विचारतात. ‘रमलखुणा’ हे १९७५ चं पुस्तक, त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा. नकाशावर नसलेले प्रदेश, कुठल्याही पुराणात नसलेली दैवतं, आणि त्यात चालणारा एकटा माणूस. नियती आधीच ठरलेली असेल तर माणसाच्या निवडीला काय किंमत, हा मोठा धार्मिक प्रश्न आहे. तो ओळखीच्या देवांच्या नावाने विचारला असता तर अर्धे वाचक हात जोडून बसले असते आणि अर्धे भांडायला उठले असते. परक्या, कल्पित भूमीत नेल्यामुळे दोघांनाही विचार करावा लागतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी भीतीचं घर माणसाच्या मनातच शोधलं, तेही याच जातीचं काम. विवेकवादाने या लेखकांना संशयाने पाहिलं, त्यात त्याचंच नुकसान झालं.

आता या सगळ्यात अवघड असलेला भाग. चंद्रपूर-गडचिरोलीत अद्भुताचा जो सर्वांत मोठा साठा आहे, तो कल्पनारम्य साहित्य नाहीच.

गोंडांच्या लिंगो देवाची गाथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधानांकडून, म्हणजे गोंडांच्या भाटांकडून, ऐकून लिहून घेतली. ते १८६३ मध्ये नदीत बुडून गेले आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये छापले. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडलं आहे. त्यांच्या सुटकेसाठी लिंगोला बिंदो पक्ष्याची पिल्लं आणायची असतात. ती पिल्लं दरवेळी गिळणाऱ्या भवरनागाला तो मारतो. मग स्वतः पक्षीच त्याच्यासोबत निघतात. पुराच्या पाण्यातून गोंडांना पाठीवर घेऊन कासव पार करतं आणि मगर दगा देते. कथा म्हणून हिची झेप टॉल्किनच्या कुठल्याही प्रसंगाच्या तोडीची आहे, पण गोंडांसाठी ही कथा नव्हे, वंशाचा आणि गोत्रांचा इतिहास आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेकडे दर माघ पौर्णिमेला लोक त्याच श्रद्धेने जातात. ताडोबा तलावाकाठी झाडाखालचं ठाणं तारू या गावप्रमुखाचं आहे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला, असं तिथे मानतात. पौषात तिथे जत्रेची परंपरा आहे. परसवाडीसारख्या गडचिरोलीतल्या गावांत दसऱ्याला रावण जाळत नाहीत, पूजतात.

शेवटचं उदाहरण भयसाहित्याच्या अभ्यासकाला अंतर्मुख करायला पुरेसं आहे. एका समाजाच्या महाकाव्यातला राक्षस दुसऱ्या समाजाचा पूर्वज असू शकतो. कथेत राक्षस कोण, हे कथा सांगणारा ठरवतो, आणि सांगणाऱ्याच्या हातात लेखणी, छापखाना, शाळेचं पुस्तक असेल तर ते ठरवणं फार दूरपर्यंत पोचतं. इंग्रजी राजवटीच्या नोंदींमध्ये लिंगोची गाथा रानटी लोकांची दंतकथा म्हणून गेली.  श्रद्धेला कपोलकल्पित म्हणून फडताळात ढकलणं हा एक अन्याय आहे, आणि वणी खुर्दमधल्या बिनकर्त्याच्या गोष्टीला ‘लोकांची श्रद्धा’ म्हणून पाठीशी घालणं हा दुसरा. दोन्ही अन्याय करणाऱ्याला वाटतं आपण नुसता आदर किंवा नुसता विवेक पाळतो आहोत.

तुकडोजी महाराजांनी या गुंत्यातून आपली एक वाट काढली होती. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त ४१ अध्याय आहेत. गावाचा देव गावाच्या सेवेत शोधा, असं सांगताना ते भूतबाधा, मांत्रिक, पशुबळी यांवर कडक बोलतात. भजनातून दगडांना उठवणारा संत गावातल्या मांत्रिकाला उठू देत नाही. कल्पनेचं बळ त्यांना पुरेपूर ठाऊक होतं, म्हणूनच ते कोणाच्या हातात जातं याकडे त्यांचं लक्ष होतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या मराठीच्या वर्गात धारपांची एखादी कादंबरी, ‘रमलखुणा’, नारळीकरांची ‘धूमकेतू’, योगवासिष्ठातली दाईची गोष्ट आणि जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची एकाच सत्रात शेजारी ठेवून वाचता येतील. प्रत्येक गोष्टीला विचारायचे प्रश्न तेच: ही कोणी सांगितली, ऐकणाऱ्याला तिच्यातून उठायची मुभा आहे का, आणि हिची किंमत कोण मोजतं? लिंगोच्या गाथेपाशी मात्र वर्ग अडेल, आणि तो अडावा. तिथे एका बाकावर असा विद्यार्थी बसलेला असेल ज्याच्या घरी ती गाथा गायली जाते, आणि शेजारच्या बाकावर असा, ज्याने ती प्रथमच ऐकली. पहिल्याला ती साहित्य म्हणून वाचायची आहे की नाही, हे त्याला आधी विचारावं लागेल, आणि त्याचं उत्तर नाही असं आलं तर त्या दिवशी प्राध्यापकांनी गाथा मिटून धारपांकडे जावं.